डाव्या बोटावरची शाई

“म्हणा आण्णा. नो.”

“नो.”

“असं पुटपुटू नका. ती बाई विचारणार, इथल्या कुठल्या निवडणुकीत कधी मत दिलंय का? आणि तुम्ही तिच्याकडं बघून खणखणीत म्हणायचं, नो.”

“जयमाला, आधी तू पुढं बघ. लाल दिवा लागलाय.”

मी करकचून ब्रेक दाबला. शेजारी बसलेले माझे सासरे जरा पुढं झाले आणि परत मागं टेकले. बाहेर ऑगस्टचं ऊन तापलं होतं आणि यांच्या अंगात निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला जाड कोट. हात मांडीवर शांत ठेवलेले. आण्णांची त्या दिवशी अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत होती आणि मी त्यांना तासभर अंतरावरच्या सरकारी कचेरीत घेऊन चालले होते.

मी मूळची इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले, त्यामुळं आमच्या माहेरी हळू बोलणाऱ्याला ताप आलाय का म्हणून विचारतात. आण्णा नेमके उलट. बाबगोंडा मगदूम, शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले. आवाज चढवणं माहीत नाही आणि ऐकणं तर त्याहून माहीत नाही. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, अभिनंदननं, त्यांचं ग्रीन कार्ड करून त्यांना ओहायोत आमच्याकडं आणलं. गावाकडचं घर विकलं. तिकडं आता कुलूप काढून आत जावं असं एक दार त्यांच्या नावावर राहिलं नव्हतं. एकुलता एक मुलगा इथं, नात सन्मती इथं. आणि ग्रीन कार्डवाला कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच असतो. काही चुकलं तर परत पाठवतात. म्हणून तर नागरिकत्वाचा खटाटोप चालला होता.

आणि चुकलं होतं. कळलं ते आदल्या दिवशी.

आण्णा जैन रिवाजाप्रमाणं सूर्यास्ताच्या आत जेवतात. ओहायोत उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात दुपारीच मावळतो, त्यामुळं आमच्या स्वयंपाकघराला घड्याळ असं नाहीच. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ते जेवता जेवता मला उत्तरं देत होते. मुलाखतीत इथल्या राज्यघटनेवरचे प्रश्न विचारतात, त्याची उजळणी. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी हीच परीक्षा देऊन नागरिक झाले होते आणि घरी येईपर्यंत सगळं विसरले होते. आण्णांना मात्र या घटनेचं भारी कौतुक.

“सरकारचे भाग किती?” मी विचारलं.

“तीन. कायदा करणारी काँग्रेस, तो राबवणारा प्रेसिडेंट आणि चुकलं की कान धरणारी कोर्टं. तिघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा. आपल्या घरातल्यासारखं. तू ठरवतेस, अभि राबतो आणि सन्मती दोघांच्या चुका काढते.”

“आणि तुम्ही?”

“मी जनता,” ते म्हणाले. “घटनेची सुरुवातच आमच्यापासून आहे. पहिले शब्द कुठले? ‘वी द पीपल’. आपल्याकडंसुद्धा ‘आम्ही भारताचे लोक’. दोन्हीकडं सुरुवात ‘आम्ही’पासून. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा बघ.”

“बरं, काटा राहू दे. फक्त नागरिकांचीच अशी जबाबदारी कुठली?”

“ज्यूरीत बसणं.”

“आणखी एक?”

“देशाच्या निवडणुकीत मत देणं.” घास त्यांच्या हातातच राहिला. “देशाच्या म्हटलंय ना? गावातल्या नव्हे?”

“आता तसं छापलंय. पण मत कुठलंही नागरिकांनीच द्यायचं असतं. का?”

“शाळेचं मत असतं, त्यालाही?”

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. “आण्णा, काय केलंत?”

त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या शाळांसाठी जादा घरपट्टी लावायची की नाही, यावर मतदान झालं होतं. अभिनंदन तेव्हा महिनाभर त्या घरपट्टीच्या नावानं बोटं मोडत होता. त्याच दिवसांत वाचनालयाबाहेर एक मुलगी टेबल मांडून मतदारांची नावं लिहून घेत बसलेली. आण्णा रोज तिथं पेपर वाचायला जायचे. गावाकडं असताना मास्तर म्हणून घरोघरी फिरून मतदार याद्या त्यांनीच केलेल्या. नवीन बिऱ्हाड राहायला आलं की हे दारात हजर, राहायला आलात ना, मग नाव घाला. त्यांच्या लेखी तो माणसाचा पहिला धर्म. मुलीनं विचारलं, इथं राहता का? हे म्हणाले, राहतो. तिनं भरून दिलेल्या कागदावर यांनी सही केली आणि मतदानाच्या दिवशी चालत चर्चच्या हॉलमध्ये जाऊन मत देऊन आले.

“अहो, पण प्रेसिडेंटच्या वेळी तर तुम्हीच मला म्हणालात, मला मत नाही म्हणून!”

“ते नागरिकांचं. शाळेचं मला ग्रामपंचायतीसारखं वाटलं. जो गावात राहतो, त्यानं गावच्या शाळेचा विचार करायचा.” मग जरा लाजून म्हणाले, “तिथं शाई लावत नाहीत, जयमाला. मी सवयीनं डावं बोट पुढं केलं, तर त्या बाईनं ते बोटच हातात धरून हलवलं. थँक यू म्हणाली.”

“आणि आम्हाला बोलला नाहीत एवढी वर्षं!”

“अभिला घरपट्टी नको होती. मी काय मत दिलं, हे विचारलं असतंत. मत गुप्त असतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. मी नेटवर शोधायला लागले, तर तिथं स्पष्टच लिहिलेलं. नागरिक नसताना मत दिलं तर देशाबाहेर काढू शकतात. चुकून दिलं, नकळत दिलं, याला विचारतो कोण! अभिनंदन कामासाठी टेक्सासला गेला होता. त्याला फोन लावला. तो भडकलाच.

“कुणाला माहितीय हे? कुणालाच नाही ना? मग प्रश्न आला की सरळ नो म्हणायचं. विषय संपला. आणि तू त्यांच्याकडून घोकून घे. आण्णा फार शहाणपणा करतील.”

“मुलाखतीला जाऊच नये तर?”

“न गेले तर संशय येईल. उगाच फाटे फोडू नकोस, जयू.”

वकिलाला विचारावं, हे त्या घाईत आम्हा दोघांनाही सुचलं नाही. डोकंच चालत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीत माझी ती शिकवणी.

“नो म्हणवत नसेल तर गप्प बसा,” लाल दिवा सुटल्यावर मी म्हणाले. “याच घटनेत आहे ना, कुणालाही स्वतःच्याच विरुद्ध बोलायला लावता येत नाही. तुम्हीच मला पाचवी दुरुस्ती समजावून सांगितली होती.”

“हो. ती फार मोठी गोष्ट आहे.”

“मग?”

“गप्प बसणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. गप्प बसायची मुभा घटनेनं दिलीय. खोटं बोलायची नाही.”

“आण्णा, हा वर्ग नाही! तुम्हाला विमानात बसवून देतील. तिकडं कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार आहात? तुमच्या गोळ्या कोण देणार? सन्मतीला काय सांगू मी?” माझा आवाज फाटला. खरं तर मला रडू येत होतं, पण गाडी चालवताना रडता येत नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “गाडी सावकाश ने. मला उशीर झाला तरी चालेल, तुला काही व्हायला नको.”

कचेरीत त्यांचं नाव पुकारलं. एक ठेंगणी, चष्मेवाली अधिकारी बाई दारात उभी होती. मी सुद्धा उठले, तर तिनं हातानंच मला बसायला सांगितलं. आण्णांनी कोटाची बटणं लावली. मी शेवटचं मराठीत म्हणाले, “आण्णा, माझी शपथ आहे.” ते माझ्याकडं बघून हसले आणि आत गेले. दार लागलं.

मग मी काय काय केलं विचारू नका. खुर्चीवरून उठले, पाणी प्याले, परत बसले. भिंतीवरचा झेंडा बघितला, त्याच्या चांदण्या मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. शेजारी एक कुटुंब नवीन कपडे घालून आलेलं, त्यांची म्हातारी तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकत होती. माझ्यानंतर आत गेलेली दोन माणसं हसत बाहेर आली. आण्णा येईनात. अभिनंदनचे एकामागून एक मेसेज, झालं का, झालं का. मी फोन उलटा करून पर्समध्ये टाकला आणि लगेच परत बाहेर काढला. दर वेळी दार उघडलं की मी अर्धी उठायची. त्यांच्या मागं पोलीस तर येणार नाही ना, असंही मनात येऊन गेलं.

शेवटी ते आले. एकटेच. चेहऱ्यावर काही दिसेना.

“काय झालं?”

“चल, बाहेर सांगतो.”

“आण्णा, पास की नापास एवढं तरी सांगा!”

“पास. एकही चुकलं नाही.”

बाई गं, मी त्या लोकांसमोर टाळीच वाजवली. त्यांना ओढतच गाडीपर्यंत नेलं, एसी लावला आणि अभिनंदनला फोन लावून स्पीकरवर टाकला. “पास झाले! एकही चुकलं नाही!” तिकडून अभि एवढ्यांदा ओरडला की त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलेलं ऐकू आलं. मी म्हणत होते, येताना पेढे आणू, आज श्रीखंड करते, सन्मतीला शाळेतून लवकर आणते. किती वेळ माझी टकळी चालली होती कोण जाणे.

“अभि,” आण्णा फोनकडं वाकून म्हणाले, “परीक्षा पास झालो. पण मत दिलेलं मी सांगून टाकलंय.”

मी एसीचा पंखा बंद केला, जणू काही त्यानं नीट ऐकू येत नव्हतं.

“म्हणजे?” अभि म्हणाला.

“तिनं आधी घटनेवरचे प्रश्न विचारले. कायद्याचं राज्य म्हणजे काय, हा शेवटचा. मी म्हणालो, कायद्याच्या वर कुणी नाही. ती म्हणाली, व्हेरी गुड, यू पास्ड. आणि लगेच पुढचा प्रश्न तो. मत दिलंय का? आता आधीच्या मिनिटाला तोंडानं जे बोललो, त्यावर पुढच्या मिनिटाला थुंकू कसा? मी म्हणालो, येस मॅडम. शाळेच्या वेळी. मला वाटलं राहणाऱ्याला मत असतं, ते माझं चुकलं. तिनं पेन खाली ठेवलं. वकील हवा का विचारलं. म्हटलं, नको. मग म्हणाली, शाळेच्या बाजूनं दिलं का विरुद्ध?”

“मग काय सांगितलंत?” मी विचारलं.

“सॉरी मॅडम, मत गुप्त असतं.”

अभिनंदननं फोन ठेवून दिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासऱ्यांना बोलू नये ते मी त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुमच्या तत्त्वापायी आमचं घर मोडेल. म्हटलं, एक नो म्हणायला काय झालं होतं, कुणाचं काय जात होतं? म्हटलं, तुम्हाला आम्ही नकोच आहोत. ते सगळं ऐकून घेत होते, पावसात उभ्या म्हशीसारखे, आणि माझा संताप त्यानं आणखीच वाढत होता.

मी दमले तेव्हा ते बोलले.

“मी मतदान केंद्राध्यक्ष असताना एक सोनाबाई म्हणून होती. शेतमजूर. तिचं नाव यादीतून गळालं होतं, कसं ते कुणालाच कळेना. तिची जाऊ वारलेली, पण जावेचं नाव तसंच राहिलेलं. ही जावेचं नाव सांगून आत आली. उमेदवाराच्या माणसानं हरकत घेतली. मी चौकशी केली, तर तिनं लगेच कबूल केलं. पाया पडली. म्हणाली, ‘मास्तर, मत तर माझंच हाय की.’”

“मग?”

“नियम होता. मी पोलिसाच्या ताब्यात दिलं. जाताना ती पदर सारखा करत होती. मी म्हणालो, बाई, कायदा सगळ्यांना सारखा.” त्यांनी चष्मा काढला. “आज माझ्या तोंडात अगदी तिचंच वाक्य आलं होतं, जयमाला. मॅडम, मत तर माझंच होतं की. ते गिळलं. सोनाबाईला सारखा आणि मगदूम मास्तरला वेगळा, असं कसं चालेल?”

मी गाडी सुरू केली. पेढे आणले नाहीत.

अर्ज नामंजूर झाला आणि काही महिन्यांनी आण्णांना इमिग्रेशनच्या कोर्टात हजर राहायचं फर्मान आलं. ती दोन वर्षं आमच्या घरात नीट झोप अशी कुणाला लागली नाही. बाहेर गाडीचं दार वाजलं तरी मी खिडकीशी. अभिनंदन बापाशी कामापुरतं बोलायचा आणि रात्री त्यांच्या गोळ्या मात्र स्वतः काढून ठेवायचा. वकील बाईनं पहिल्या भेटीतच कपाळाला हात लावला. म्हणाली, मुलाखतीला न जाता घरी बसला असतात तर हे काहीच झालं नसतं. अभि माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याच्याकडं.

आण्णांना या सगळ्यात धक्का बसला तो भलत्याच गोष्टीचा. वकील बाई सहज म्हणाली, हे कोर्ट न्यायशाखेत येत नाही, ते कायदा राबवणाऱ्या शाखेच्याच हाताखाली असतं.

“म्हणजे धरणारेही तेच आणि न्याय करणारेही तेच?” आण्णा मला मराठीत म्हणाले. “हे आपल्या उजळणीत नव्हतं.” दोन दिवस ते त्यावरच अस्वस्थ होते. स्वतःला देशाबाहेर काढतील याची काळजी बाजूलाच.

सुनावणीला जज्जनं सगळं ऐकलं. इतक्या वर्षांचं वास्तव्य, नातेवाईक इथं, दुसरा गुन्हा नाही, आणि कुणी न पकडता माणसानं स्वतः सांगितलेलं. त्यांना राहू देण्याचा हुकूम झाला, पाहुणा म्हणून, ग्रीन कार्डावरच. कोर्टाच्या पायऱ्यांवर अभिनंदननं बापाला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. आण्णा त्याची पाठ थोपटत म्हणाले, “अरे, लोक बघतायत.” नागरिकत्वाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळांच्या घरपट्टीचा प्रश्न परत मताला आला. त्या सकाळी मी डोळे चोळत खाली येते तर आण्णा कोट घालून दारापाशी उभे.

“कुठं निघालात?”

“तुला घेऊन मताला. नागरिक कोण आहे या घरात? मागच्या वेळी अभि महिनाभर बडबडला आणि मत द्यायला गेलाच नाही. तूही गेली नाहीस. ज्याला हक्क नव्हता, तो एकटा गेला.”

मी निमूट चपला घातल्या.

चर्चच्या हॉलबाहेर गवतात दोन छोटे झेंडे खोचलेले होते. त्यांच्या आत मतदारांशिवाय कुणी रेंगाळायचं नाही, असा नियम. आण्णा झेंड्यांच्या अलीकडं थांबले, बुटाचं टोकसुद्धा पलीकडं नाही. मी आत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा इथलं मत दिलं. बाहेर आले तर ते तिथंच, थंडीनं नाक लाल झालेलं.

“आण्णा, मी ना शाळेच्या...”

“सांगायचं नाही,” त्यांनी मला थांबवलं. “डावा हात पुढं कर.”

त्यांनी कोटाच्या खिशातून शाईचं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि माझं बोट घट्ट पकडलं. नखाच्या वरच्या कडेपासून पहिल्या सांध्यापर्यंत, गावाकडं मतदान केंद्रावर लावतात तशी, एक सरळ रेघ ओढली. मग फुंकर मारून वाळवली आणि नीट उमटलीय का ते चष्मा वर करून तपासलं.

“जा आता,” ते म्हणाले.

साधी शाई ती, पाण्याला टिकणार नव्हती. म्हणून त्या दिवशी घरातली सगळी भांडी मी अभिनंदनला घासायला लावली.